विमानविद्येचा दानशूर : आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ

विद्या दिल्याने वाढते व झाकून ठेवल्याने गंजते, हे वचन शाळेच्या फळ्यावर आम्ही चाळीस वर्षांत कितीदा लिहिले असेल, त्याची गणती नाही. व्यवहारात मात्र त्याचा अनुभव क्वचितच येतो. हुन्नर जाणणारा मनुष्य तो हुन्नर मुठीत झाकून ठेवतो. बापाने मुलास सांगावा, तोही मरणाच्या दारी टेकल्यावर, अशी रीत आपल्याकडील पुष्कळ घरांत होती, आणि त्यामुळे कित्येक विद्या त्या त्या माणसाबरोबरच सरणावर गेल्या. म्हणूनच ज्याने आपल्या बुद्धीने एक नवे यंत्र निर्माण केले आणि ते कोणीही बांधून घ्यावे म्हणून त्याचे नकाशे जगापुढे मोकळे ठेवले, अशा एका परदेशी पुरुषाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांस सादर करावे, असे आम्हांस वाटले.

विमान म्हटले म्हणजे शेकडो उतारू पोटात घेऊन समुद्र ओलांडणारे अजस्र यंत्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु विमानांचा आणखी एक धाकटा वंश जगात सुखाने नांदत आहे. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स इत्यादी देशांत हौशी माणसे कारखान्यातून सुट्या भागांचा संच मागवितात, घराशेजारच्या मोटारखान्यात सुटीच्या दिवशी ते भाग जोडीत बसतात, आणि काही वर्षांच्या चिकाटीनंतर एकदोन माणसांपुरते हलके विमान सिद्ध करून, सरकारी तपासणी करवून घेऊन आकाशात जातात. अमेरिकेतील नियम असा आहे की, अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेले असले पाहिजे. म्हणजे शिंप्याने बेतून दिलेले कापड घरच्या माणसाने शिवावे, त्यातलाच हा प्रकार होय. या वंशाचा मूळपुरुष शोधू गेल्यास आपण १९०७ सालच्या पॅरिस नगरीत जाऊन पोहोचतो, आणि तेथे बांबू व रेशीम यांचे एक इवलेसे विमान दिसते. त्याचे नाव दमोझेल. आणि त्याचा कर्ता आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ.

कॉफीच्या मळ्यातील बालपण

आल्बेर्तोचा जन्म २० जुलै १८७३ रोजी दक्षिण अमेरिकेतील ब्राझिल देशात, मिनास जेराइस प्रांतातील पाल्मिरा गावानजीक झाला. वडील एन्रिक द्युमाँ हे इंजिनियर. त्या वेळी ते आगगाडीच्या रस्त्याचे काम करीत होते. पुढे त्यांनी साओ पाउलो प्रांतात रिबेराँव प्रेतो येथे कॉफीचा मळा केला आणि लोक त्यांस कॉफीचे राजे म्हणू लागले. मळ्यात कॉफीची लाखो झाडे होती, आणि माल वाहण्यासाठी घरचीच आगगाडी होती. ब्राझिलमध्ये गुलामगिरी १८८८ सालापर्यंत कायद्याने चालू होती, आणि त्या देशातील कॉफीच्या वैभवाखाली असंख्य माणसांचा घाम मुरलेला होता, हेही वाचकांनी विसरू नये.

या मळ्यात आल्बेर्तोचे मन रमले ते यंत्रांत. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो मळ्यातील आगगाडीचे इंजिन चालवू लागला. कॉफी सोलण्याच्या व निवडण्याच्या कारखान्यात तो तासन्‌तास उभा राही. तेथे त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. पुढे-मागे हिसके घेत हलणाऱ्या चाळण्या वारंवार मोडत असत, आणि एकसारखी फिरणारी चाके मात्र कुरकुर न करता चालत. गोल फिरणाऱ्या गतीवर त्याचा जो विश्वास बसला, तो जन्मभर टिकला. पुढे विमानाचा पंखा निवडताना हेच निरीक्षण त्याच्या कामी आले.

आपल्याकडे मुले चिमणी भुर्र, कावळा भुर्र असा खेळ खेळतात. उडणाऱ्या जिवाचे नाव घेतले तर बोट वर करावयाचे, न उडणाऱ्याचे घेतले तर खाली ठेवावयाचे, आणि चुकेल त्याने दंड भरावयाचा. असाच खेळ ब्राझिलमधील मुलेही खेळत. त्यात कोणी माणसाचे नाव घेतले की आल्बेर्तो हटकून बोट वर करी आणि दंड भरण्यास साफ नकार देई. सवंगडी हसत, तो हसत नसे. ज्यूल व्हेर्न याच्या अद्भुत कथांची पारायणे केलेल्या त्या मुलास माणूस उडतो, हे आधीच ठाऊक झाले होते. लोकांस ते अद्याप दिसावयाचे होते, इतकेच.

पित्याचा उपदेश

१८९० साली एन्रिक गाडीतून पडले व त्यांचे अर्धे अंग लुळे पडले. मळा विकण्यात आला आणि औषधोपचारासाठी कुटुंब युरोपात गेले. पॅरिसच्या एका प्रदर्शनात आल्बेर्तोने पेट्रोलवर चालणारे छोटे इंजिन पाहिले आणि तो जागीच खिळून राहिला. बाष्पयंत्राच्या मानाने हे इंजिन किती हलके, हे त्याने तत्काळ ओळखले.

१८९२ साली पित्याने एक विलक्षण गोष्ट केली. पुत्र अद्याप अठरा वर्षांचा होता. तरीही कायद्याने त्यास सज्ञान ठरवून त्याचा वाटा त्याच्या हवाली केला आणि पॅरिसला जाण्यास सांगितले. पदवीच्या मागे लागू नकोस, एखादा चांगला शिक्षक गाठून पदार्थविज्ञान, रसायन, वीज व यंत्रशास्त्र यांचा अभ्यास कर. जगाचे भवितव्य यंत्रांत आहे. पोटाची चिंता तुला करावयाची नाही, असा त्या उपदेशाचा मथितार्थ होता. त्याच वर्षी एन्रिक निवर्तले. संपत्ती ठेवून जाणारे बाप पुष्कळ असतात. संपत्तीचे काय करावे याची दिशा दाखवून जाणारे थोडे. आल्बेर्तोच्या पुढील औदार्याचे मूळ आम्हांस या एका प्रसंगात दिसते.

पॅरिसचे आकाश

उंचीने जेमतेम सव्वापाच फूट, वजन पन्नास किलोच्या आसपास, अंगावर उंच कॉलर व डोक्यावर टोपी, असा हा तरुण पॅरिसमध्ये शिकू लागला. १८९८ साली तो प्रथम फुग्यातून आकाशात गेला आणि लगेच त्याने स्वतःसाठी फुगा करण्याचे ठरविले. फुगे बनविणारे कारागीर त्या धंद्यात मुरलेले होते. त्यांस सांतोस-द्युमाँ यांनी सांगितलेले माप हास्यास्पद वाटले. इतका लहान फुगा माणसास उचलणारच नाही, असे त्यांचे मत पडले. परंतु जपानी रेशमाचा, केवळ ११३ घनमीटर वायू मावणारा तो ब्राझिल नावाचा फुगा ४ जुलै १८९८ रोजी आपल्या धन्यास घेऊन सुखरूप वर गेला. हलकेपणा हाच त्यांच्या साऱ्या कामाचा मूलमंत्र राहिला. अनावश्यक ते काढून टाकावे, आणि उरलेले अधिक हलक्या पदार्थाचे करावे, हा त्यांचा परिपाठ होता.

फुगा वारा नेईल तिकडे जातो. त्यास इच्छेप्रमाणे वळविता यावे म्हणून त्यांनी लांबट फुग्यास पेट्रोलचे इंजिन व पंखा जोडून वायुनौका बांधली. वायूने भरलेल्या पिशवीखाली ठिणग्या टाकणारे इंजिन टांगणे, हा प्रकार लोकांस आत्मघाताचा वाटला. पहिली वायुनौका १८९८ सालच्या सप्टेंबरात उडाली. उतरताना तिची पिशवी मध्येच दुमडली आणि नौका वेगाने खाली येऊ लागली. खाली मैदानात काही मुले पतंग उडवीत होती. सांतोस-द्युमाँ यांनी वरून ओरडून लोंबता दोर धरण्यास व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस पळण्यास त्या मुलांस सांगितले. मुलांनी तसे केले, आणि पतंग जसा वाऱ्यावर तोलतो तशी ती नौका तोलून हळू खाली उतरली. पतंग उडविणाऱ्या पोरांनी त्या दिवशी एका संशोधकाचे प्राण वाचविले.

बक्षीस व त्याची वाटणी

आंरी दॉइच द ला म्यूर्त या धनिकाने १,००,००० फ्रँकचे बक्षीस लावले होते. सँ-क्लू येथून निघून आयफेल मनोऱ्यास वळसा घालून तीस मिनिटांत परत यावयाचे. जाऊन येऊन अंतर सुमारे ११ किलोमीटर. १९०१ सालच्या जुलैत सांतोस-द्युमाँ यांची नौका झाडांत अडकली. ऑगस्टमध्ये ती एका इमारतीच्या छपरावर आदळून फाटली व ते स्वतः भिंतीशी लोंबकळत राहिले. बंबवाल्यांनी दोराने त्यांस वर ओढून घेतले. त्याच संध्याकाळी त्यांनी पुढच्या, म्हणजे सहाव्या नौकेचे काम सांगितले. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी त्या नौकेने मनोऱ्यास वळसा घातला आणि साडेएकोणतीस मिनिटांत ती परतीच्या जागेवर आली. दोर खाली धरला जाईपर्यंत मात्र तीस मिनिटे उलटली होती. परीक्षक मंडळीत वाद माजला. पॅरिसच्या जनतेने सांतोस-द्युमाँ यांची बाजू उचलून धरली आणि अखेर बक्षीस त्यांसच मिळाले.

त्या पैशाचे त्यांनी काय केले, हे ऐकण्यासारखे आहे. एक भाग त्यांनी आपल्या कारागिरांस वाटून दिला आणि उरलेला मोठा भाग पॅरिसच्या गोरगरिबांसाठी दिला. हातावर पोट असणाऱ्या पुष्कळ कामकऱ्यांची हत्यारे सावकारी पेढीत गहाण पडली होती. सुताराचा रंधा व गवंड्याची थापी गहाण पडली म्हणजे त्याचा संसारच गहाण पडला. या पैशातून ती हत्यारे सोडवून ज्याची त्यास परत देण्यात आली. भुकेल्यास एक दिवस जेवू घालणे हे पुण्यकर्म खरेच. पण त्याच्या हाती त्याचे हत्यार परत देणे हे त्याहून मोठे. स्वतःसाठी त्यांनी त्यातील काही ठेवले नाही.

ते पॅरिसचे लाडके झाले. लहानशा नवव्या नौकेत बसून ते शहरावरून फिरत आणि आपल्या घराच्या दारापुढे ती बांधून आत कॉफी घेण्यास जात. दोन्ही हात यंत्रावर असताना खिशातील घड्याळ काढता येत नाही, या अडचणीवरून लुई कार्तिए या त्यांच्या जवाहिऱ्या मित्राने १९०४ साली त्यांस मनगटावर बांधावयाचे घड्याळ करून दिले. पुरुषांनी मनगटी घड्याळ वापरण्याची रीत लोकप्रिय होण्यास हे एक कारण झाले.

जमिनीवरून आकाशात

वायुनौका हवेपेक्षा हलक्या वायूवर तरंगते. हवेपेक्षा जड यंत्र स्वतःच्या बळावर उचलणे हे निराळेच काम. त्यासाठी सांतोस-द्युमाँ यांनी पेटीपतंगासारख्या पंखांचे एक यंत्र बांधले. प्रथम ते आपल्या चौदाव्या नौकेखाली टांगून पारखले, म्हणून त्याचे नाव चौदा-बिस पडले. २३ ऑक्टोबर १९०६ रोजी पॅरिसच्या बागातेल मैदानावर, जमलेल्या लोकसमुदायासमक्ष, त्या यंत्राची चाके जमिनीवरून सुटली आणि ते सुमारे ६० मीटर उडत गेले. १२ नोव्हेंबर रोजी त्याने साडेएकवीस सेकंदांत २२० मीटर अंतर काटले. युरोपातील लोकांनी पाहिलेले हे पहिले विमानोड्डाण होय.

आम्ही शिकवीत असता विमान कोणी शोधले, या प्रश्नास सारा वर्ग एकमुखाने राइट बंधू असे उत्तर देई, आणि ते उत्तर बरोबरच आहे. अमेरिकेत १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल व विल्बर राइट यांनी प्रथम उड्डाण केले, आणि १९०८ साली विल्बर यांनी फ्रान्समध्ये आपले विमान उडवून दाखविल्यावर त्यांच्या श्रेष्ठत्वाविषयी कोणास शंका राहिली नाही. ब्राझिलमधील लोक आजही सांतोस-द्युमाँ यांस विमानविद्येचे जनक मानतात. तो त्यांच्या देशाभिमानाचा भाग आहे. आमच्या दृष्टीने दोहोंतील फरक अग्रमानाचा नाही, वृत्तीचा आहे. राइट बंधूंनी आपली युक्ती गुप्त ठेवली, १९०६ साली तिचे पेटंट घेतले, आणि त्यावरून पुढे अनेक वर्षे कोर्टकज्जे चालले. त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. सायकलींच्या दुकानाच्या मिळकतीतून त्यांनी प्रयोग केले होते, आणि घामाचे मोल मागण्याचा त्यांस अधिकार होता. सांतोस-द्युमाँ यांस वडिलांच्या संपत्तीचा आधार होता, म्हणून त्यांस देणे सोपे गेले, असेही कोणी म्हणेल. परंतु संपत्ती असूनही ज्यांची मूठ उघडत नाही, अशी माणसे आपण रोज पाहतो.

दमोझेल

चौदा-बिस बोजड होते. सांतोस-द्युमाँ यांनी पुन्हा आपल्या जुन्या मंत्राकडे, म्हणजे हलकेपणाकडे, मोर्चा वळविला. १९०७ सालच्या नोव्हेंबरात त्यांचे एकोणिसावे यंत्र उडाले. त्याचे वजन चालक सोडून अवघे ५६ किलो होते. त्यात सुधारणा करून त्यांनी जे विसावे यंत्र केले, तेच दमोझेल म्हणून प्रसिद्धीस आले. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ कुमारिका. पाणवठ्यावर उडणाऱ्या, चतुराच्या जातीच्या नाजूक कीटकासही तेच नाव आहे. रेशमी पंखांतून सूर्यप्रकाश झिरपत असलेले ते विमान पाहिले म्हणजे या नावाची सार्थकता पटत असे.

त्याची रचना समजण्यास इंजिनियर असण्याची गरज नाही. तीन लांब बांबू हा त्याचा कणा. पुढच्या टोकास लाकडाच्या चौकटीवर रेशीम ताणून केलेले दोन पंख. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर सुमारे साडेपाच मीटर. त्यांच्यावर मध्यभागी सुमारे ३० अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढे लाकडी पंखा. पंखांखाली, दोन चाकांच्या मध्ये ताणलेल्या कापडाच्या पट्टीवर चालकाची बैठक. मागच्या टोकास अधिक-चिन्हाच्या आकाराची शेपटी, आणि ती सबंधच्या सबंध खाली-वर व उजवी-डावीकडे फिरे, म्हणजे तीच सुकाणू. विमान एका बाजूस कलले तर ते सावरण्याची युक्ती मोठी गमतीची होती. पंखांची टोके पिळणाऱ्या तारा एका दांड्यास बांधल्या होत्या आणि तो दांडा चालकाच्या कोटाच्या पाठीस शिवलेल्या खिशात बसविलेला असे. चालकाने अंग ज्या बाजूस झुकवावे, त्याप्रमाणे पंख पिळले जात. माणूस विमानात बसत नसे. ते जणू अंगरख्याप्रमाणे अंगावर चढवी. मोटारीच्या मागे लादून ते मैदानावर नेता येई. सप्टेंबर १९०९ मध्ये सांतोस-द्युमाँ या विमानातून सँ-सीर येथून ब्युक येथे ८ किलोमीटर अंतर पाच मिनिटांत गेले. ताशी ९६ किलोमीटर हा वेग त्या काळी थक्क करणारा होता.

खुले नकाशे

येथे चरित्राचा गाभा येतो. या विमानाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. ज्यास हवे त्याने ते बांधावे, आपला काही हक्क नाही, असे त्यांनी जाहीर केले. क्लेमाँ-बायार या फ्रेंच कारखान्याने ते बांधून ७,५०० फ्रँकला विकण्यास काढले. त्यावरही त्यांनी काही मागितले नाही. अमेरिकेतील पॉप्युलर मेकॅनिक्स या मासिकाने १९१० सालच्या जून व जुलैच्या अंकांत दमोझेलचे मापांसह नकाशे छापले. पानापानांवर आकृत्या, बांबूची जाडी, जोडांची पद्धत, सारे काही. गावातील सुताराच्या वा यंत्रकाराच्या हाती विमान बांधण्याची विद्या पहिल्यानेच आली. ही काही थोडी गोष्ट नव्हे. राजाच्या खजिन्यातील रत्न चव्हाट्यावर ठेवावे, तसे ते होते.

तथापि विमान घेणे एक आणि उडविणे एक. दमोझेल हे सांतोस-द्युमाँ यांनी आपल्या चिमुकल्या देहाच्या मापाने शिवलेले वस्त्र होते. जड माणसास ते उचलत नसे, आणि त्याचा तोल सांभाळणे कठीण होते. १९६५ सालच्या एका इंग्रजी चित्रपटासाठी दमोझेलची प्रतिकृती बांधली, तेव्हा जोन ह्यूज या हलक्या चणीच्या महिला वैमानिकास ती उडविण्यासाठी बोलवावे लागले. खुद्द सांतोस-द्युमाँ यांचेही विमान जानेवारी १९१० मध्ये तार तुटून कोसळले. ते वाचले, परंतु त्यांस आधीच जडलेला मज्जातंतूंचा विकार बळावत होता. ३६ वर्षांच्या वयात त्यांचे उडणे थांबले. नकाशे जगभर जात होते, आणि देणारा घरात बसला होता.

राख आणि वंश

१९१४ सालच्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. सांतोस-द्युमाँ त्या वेळी फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर राहून दुर्बिणीतून तारे पाहत असत. परकीय उच्चार, दुर्बीण आणि एकटा माणूस, एवढे शेजाऱ्यांस पुरले. ते जर्मनांचे हेर आहेत असा संशय घेऊन लष्करी पोलिसांनी घराची झडती घेतली. ज्या देशाने डोक्यावर घेतले, त्याच देशाने असे करावे, याचा त्यांस इतका धक्का बसला की, त्यांनी आपली सारी टिपणे व आराखडे अग्नीच्या स्वाधीन केले.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. जे कागद त्यांनी स्वतःच्या कपाटात जपून ठेवले होते, त्यांची राख झाली. जे त्यांनी देऊन टाकले होते, ते दमोझेलचे नकाशे मात्र अमेरिकेतील मासिकाच्या अंकांतून हजारो घरांत सुरक्षित राहिले आणि आजही कोणास हवे तर मिळतात. जपले ते गेले, दिले ते राहिले.

पुढे त्या विद्येचा वंश वाढला. शिकागोच्या एडवर्ड हीथ यांनी १९२० नंतरच्या दशकात मोटारसायकलच्या इंजिनावर उडणाऱ्या छोट्या विमानाचे सुटे भाग संचरूपाने विकण्यास आरंभ केला. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ साली आकाशातील ऊ या गमतीच्या नावाचे विमान उडविले आणि ते घरी कसे बांधावे याचे पुस्तक लिहिले. ते वाचून हजारो लोक कामास लागले. परंतु रचनेतील दोषामुळे कित्येक विमाने सूर मारताना सावरली नाहीत, माणसे दगावली, आणि निर्बंध आले. विद्या द्यावी, पण पारखून द्यावी, हा धडा त्यातून मिळाला. १९५३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अशा हौशी विमानकर्त्यांची संघटना स्थापन झाली, आणि नंतर अचूक भोके पाडून ठेवलेल्या पत्र्यांचे व तयार सांगाड्यांचे संच मिळू लागले. आपल्या मुंबईतही कांदिवली येथे अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते संचातून जोडलेले नव्हते, स्वतःच्या रचनेचे होते. २०१६ सालच्या मुंबईतील मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांस पाहावयास मिळाले.

अखेर

दिलेल्या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दमोझेलवर उडावयास शिकलेल्यांत रोलाँ गारो हा तरुण होता. पॅरिसचे प्रसिद्ध टेनिस-मैदान ज्याच्या नावाने ओळखले जाते, तोच हा. १९१३ साली त्याने भूमध्य समुद्र विमानाने ओलांडला. आणि १९१५ साली याच गारोने फिरत्या पंख्यातून गोळ्या झाडता येतील अशी मशीनगन विमानावर बसवून शत्रूची विमाने पाडली. १९१८ साली तो स्वतःही हवाई लढाईत पडला. खेळण्यासारखे ते रेशमी पाखरू, आणि त्याच्यावर शिकलेल्या हातांत मशीनगन!

सांतोस-द्युमाँ ब्राझिलला परतले. १९१८ साली त्यांनी पेत्रोपोलिस येथे एक चिमुकले घर बांधले. त्याच्या जिन्याच्या पायऱ्या अशा कापल्या आहेत की, चढणाऱ्याचे उजवे पाऊलच प्रथम पडावे. परंतु मनास स्वस्थता नव्हती. आकाशातून पडलेल्या प्रत्येक बॉम्बचा दोष ते स्वतःकडे घेऊ लागले. १९२६ साली त्यांनी राष्ट्रसंघाकडे विमानांचा युद्धातील उपयोग बंद करावा अशी विनंती केली. ती कोणी मनावर घेतली नाही. १९२८ सालच्या डिसेंबरात ते बोटीने रिओ बंदरात शिरत असता, त्यांच्याच नावाचे एक समुद्री विमान त्यांच्या स्वागतास आकाशात आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळले. आतील सर्व मंडळी दगावली. त्या सर्वांच्या अंत्यविधीस ते उभे राहिले.

१९३२ सालच्या जुलैत साओ पाउलो प्रांत केंद्र सरकारविरुद्ध उठला. ब्राझिलचीच विमाने ब्राझिलच्या लोकांवर बॉम्ब टाकू लागली. त्या वेळी सांतोस-द्युमाँ ग्वारुझा येथे समुद्रकाठी राहत होते. २३ जुलै १९३२ रोजी त्यांनी आपल्या हाताने आपले जीवन संपविले. वय ५९ वर्षांचे होते. मृत्यूचे खरे कारण पुष्कळ वर्षे उघड केले गेले नाही. त्यांच्या जन्मस्थळानजीकच्या पाल्मिरा गावास त्याच वर्षी त्यांचे नाव देण्यात आले.

असा शेवट वाचून एखादा वाचक विचारील की, मग देऊन काय मिळाले? आम्ही नम्रपणे असे म्हणतो की, रोगाने पोखरलेल्या मनाने आपल्या आयुष्याचा जो हिशोब मांडला, तो हिशोब खरा नव्हता. बॉम्ब टाकणाऱ्यांस विद्या कोणी दिली असती वा नसती, ती त्यांनी मिळविलीच असती; सत्तेस व संपत्तीस ज्ञानाची वाट नेहमीच मोकळी असते. खुल्या नकाशांची गरज होती ती गावातल्या सुतारास, सुटीच्या दिवशी खटपट करणाऱ्या कारकुनास, पतंग उडविणाऱ्या पोरास. आणि त्यांस ते सांतोस-द्युमाँ यांनी दिले. सावकाराच्या पेढीतून कामकऱ्यांची हत्यारे सोडविणारा हात आणि दमोझेलचे नकाशे वाटणारा हात एकच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या चरित्राचे मर्म कळते.

आज कोठल्याशा गावी एखादा हौशी मनुष्य रात्री जेवण झाल्यावर दिवा लावून आपल्या विमानाच्या पंखाचे जोड बसवीत असेल. त्याने या ब्राझिली पुरुषाचे नाव ऐकलेही नसेल. तरीही तो त्याचाच वारस होय. आपल्या तरुणांनी विमानच बांधावे, असा आमचा आग्रह नाही. जो काही हुन्नर हातात आहे, जी काही विद्या डोक्यात आहे, ती एका तरी दुसऱ्यास मोकळ्या मनाने शिकवावी, आणि शिकवितांना तिच्यातील धोकाही सांगावा, एवढे घडले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू. इत्यलम्.